कूलरची घरघर आणि चष्म्याची काडी

प्रश्न : माझी मुलगी लातूरला नीटची तयारी करते. खोलीच्या खाली पिठाची गिरणी, खोलीत कूलर, सोबत दोन मैत्रिणी. आवाजानं डोकं उठतं म्हणते. कानावर पूर्ण बसणारा, ब्लूटूथचा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन मागतेय. आठ-दहा हजारांपर्यंत जमवू शकते. तिला चष्मा आहे. एवढे पैसे घालून उपयोग होईल का, आणि घेताना काय बघावं?
– एक आई, उदगीर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन आवाज आहेत. ते आधी वेगळे करू, कारण हा हेडफोन तिघांशी तीन तऱ्हेनं वागतो. कूलर एका सुरात घरघरतो. ती घरघर जवळपास जाईल. गिरणीत मोटारीची घूं-घूं आणि तिच्यावर जात्याची चरचर असते. त्यातली घूं-घूं बरीच जाईल, चरचर थोडीफार राहील. मैत्रिणींचं बोलणं मात्र ऐकू येणार. उलट मागची घरघर गेल्यामुळं ते आधीपेक्षा स्पष्ट वाटेल. पुष्कळ जण याच ठिकाणी नाराज होतात आणि चांगला हेडफोन परत आणून देतात, म्हणून हे आधीच लेकराच्या कानावर घाला.

असं का होतं? हेडफोनवरचे बारीक माईक बाहेरचा आवाज टिपतात आणि आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लाट कानात सोडते. चढावर उतार पडला की दोन्ही सपाट. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या घरघरीची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्याशी मेळ घालायला चिपला उसंत मिळते. ३००० हर्ट्झच्या किरकिरीची लाट जेमतेम ११ सेंटिमीटरची. तिथं किंचित उशीर झाला तरी मेळ चुकतो. वरच्या पट्टीचे आवाज अडवायचं काम मग चिपचं राहत नाही, ते कानाभोवतीच्या गादीचं. मुळात ही कल्पना एका सुरातल्या आवाजासाठीच वाढली. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून बोस्टनला निघाले होते, विमानाच्या घरघरीत संगीत नीट ऐकू येईना, म्हणून त्याच प्रवासात त्यांनी गणितं मांडायला घेतली. आपल्याकडं मे महिन्यात खोलीतला कूलर अगदी तसाच घुमतो, त्यामुळं आपल्या भागात या हेडफोनचा उपयोग आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता चष्मा. मी परभणीत माईक-स्पीकर दुरुस्तीचं दुकान चालवतो. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी हेडफोन घेऊन आली, ‘काका, यातलं कॅन्सलिंग बंद पडलंय.’ मी दुकानातला कूलर फुल्ल केला आणि तिला चष्मा काढून हेडफोन घालायला सांगितलं. तिचा चेहराच बदलला. मग चष्मा चढवला, घरघर परत. कानामागं बोटानं गादी दाबून धरली, घरघर पुन्हा गेली. तिच्या फ्रेमची काडी प्लास्टिकची, चांगली रुंद. काडीच्या वर-खाली गादी उचलली जात होती आणि त्या फटीतून घरघर आत शिरत होती. तिनं बारीक तारेच्या काडीची फ्रेम करून घेतली, हेडफोन तोच वापरतेय. तुमच्या मुलीला चष्म्यासकटच दुकानात न्या. गादी मऊ, जाड आणि कान पूर्ण आत मावेल एवढी खोल हवी. जाड वेणी किंवा स्कार्फ गादीखाली आला तरी हाच घोटाळा होतो.

दुकानात गाणं लावून बघू नका. गाण्यात सगळंच छान वाटतं. काहीही न वाजवता, पंख्याजवळ उभं राहून कॅन्सलिंग चालू-बंद, चालू-बंद करा. फरक तिथंच कळतो. बारीक ‘स्स्स’ ऐकू येतं का, कानावर दडपण आल्यासारखं वाटतं का, तेही बघा. काहींना या दडपणानं मळमळतं. तसं झालं तर तो मॉडेल सोडा, सवय होईल म्हणून घेऊ नका. निदान २० मिनिटं डोक्यावर ठेवू द्या, असं दुकानदाराला बिनधास्त सांगा.

खोक्यावरच्या शब्दांकडं डोळ्यांत तेल घालून बघा. मी स्वतः भाच्यासाठी एक हेडफोन मागवला होता. वर ठळक ‘नॉइज कॅन्सलेशन’, आणि खाली बारीक अक्षरात ‘ईएनसी’. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू जातो. तुमच्या कानाला काडीचा फायदा नाही. भाच्याचे पैसे आणि परीक्षेचे पंधरा दिवस वाया गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्हाला ‘एएनसी’ हवंय, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, वर सांगितलेलं उलट्या लाटेचं तंत्र. आणि ‘५० डेसिबलपर्यंत’ असं लिहिलं असेल तर त्यातला ‘पर्यंत’ वाचा. तो आकडा जिथं सगळ्यात चांगलं जमतं तिथला असतो.

वजन हलकं बघा. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा आहे. रोज पाच-सहा तास बसणाऱ्या पोरीला असा हलका बरा. बॅटरीचे तास एएनसी चालू असतानाचे विचारा. नकली चामड्याच्या गाद्या आपल्या घामानं पापुद्रे सोडतात, म्हणून त्या सुट्या मिळतात का आणि घरी बदलता येतात का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. रोज कोरड्या सुती कपड्यानं पुसायला सांगा. कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) वगैरेच्या भानगडीत पडू नका, अभ्यासाला त्याचा उपयोग नाही.

खोलीत एक काळजी घ्या. कूलरचा झोत थेट हेडफोनवर आला की बाहेरच्या माईकमध्ये वारा भरतो आणि कानात भुरभुर सुरू होते. खुर्ची झोतातून बाजूला घ्या.

राहिलं मैत्रिणींचं बोलणं. त्यावर फोमचे कानातले बोळे घ्या, मेडिकलमध्ये थोडक्या पैशांत मिळतात. बोळे घालून वर हेडफोन चढवला की बोलणंही बरंच दबतं. गाणी लावून बोलणं झाकायची सवय लागू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. एएनसीचा खरा फायदा हाच, की आवाज कमी ठेवूनही लेक्चर ऐकू येतं. आणि क्लासला जाता-येता रस्त्यावर तो गळ्यात राहू द्या, कानावर नको.

प्रश्न : मी जिनिंगमध्ये काम करतो. मशिनच्या आवाजापासून कान वाचवायला असा हेडफोन चालेल का?
– एक वाचक, सेलू

उत्तर : नाही, दादा. हा ऐकण्याचा हेडफोन आहे. कामाच्या जागी ज्यावर किती डेसिबल आवाज अडतो ते छापलेलं असतं, असा इअरमफ (आवाज अडवणारं कानावरचं झाकण) घ्या आणि मालकाकडं मागा. पाळी संपल्यावरही कानात शिट्टी वाजत असेल तर थांबू नका, या आठवड्यातच कानाच्या डॉक्टरकडं जाऊन तपासणी करून घ्या.