जुलैचा घातांक जानेवारीला लावू नकोस

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

तुझी आकडेमोड दोनदा वाचली. दहा मीटरवरच्या वाऱ्यावरून शंभर मीटरवरचा वेग काढताना तू घातांक १/७ धरलास, तोही बारा महिने, चोवीस तास. उंची जितकी पट, त्या संख्येला हा घातांक लावला की वेग किती पट ते मिळतं. या सूत्राशी माझं भांडण नाही, एकच घातांक सरसकट लावण्याशी आहे.

१/७ जमतो तो सपाट, मोकळ्या जमिनीवर, आणि हवा तापून वर उसळतही नाही, निवून खाली बसतही नाही अशा वेळी. आपल्याकडे ती वेळ म्हणजे जुलै. आभाळ भरलेलं, वारा जोराचा, दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा. एप्रिलच्या दुपारी हवा वरखाली घुसळून निघते आणि दोन उंचींवरच्या वेगांतला फरक पुसट होतो. जानेवारीच्या पहाटे खाडीवर धूर थर धरून पडलेला असतो, तेव्हा खालचा वारा निजलेला आणि वरचा जागा. त्या वेळी घातांक ०.३ निघाला, तर शंभर मीटरवर वेग दुप्पट होतो. १/७ ने तो जेमतेम १.४ पट. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे एकीकडे आठपट, दुसरीकडे पावणेतीनपट! वार्षिक सरासरीवर विसंबून मीही एकदा असाच फसलो होतो, म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय.

दिशाही बघ. पश्चिमेचे खारे वारे इथे खाडी आणि खारफुटीवरून येतात, पूर्वेचे पारसिकच्या डोंगरावरून. पृष्ठभाग वाऱ्याला किती खडबडीत लागतो ते सांगणारी लांबी म्हणजे रफनेस लेंग्थ; ती शांत पाण्याची मिलिमीटरहून कमी, दाट शहराची मीटरभर किंवा जास्त. पाण्यावरून इमारतींत शिरलेल्या वाऱ्याचा खालचा थर शहराचा झालेला असतो, वरचा अजून खाडीचाच. मला या विषयातलं सर्वांत सुंदर कोडं हेच वाटतं. एका घातांकाने ते सुटत नाही. शिवाय दाटीच्या वस्तीत उंची जमिनीपासून मोजायची नसते. इमारतींच्या सरासरी उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर शून्य धरतात.

तेव्हा नोंदी आधी तासांप्रमाणे वेगळ्या कर, मग महिन्यांप्रमाणे, मग दिशेप्रमाणे. प्रत्येक गटाचा घातांक निदान दोन उंचींवरच्या मोजमापांतून काढ, पुस्तकातून उचलू नकोस. मास्टवर, म्हणजे वारा मोजायच्या उंच खांबावर, खाली आणि वर एकेक थर्मामीटरही बसव, उन्हापासून झाकून. ज्या पहाटे वरचा पारा खालच्यापेक्षा चढलेला दिसेल, ते तास बाजूला काढ आणि मला पाठव.

तुझा,
काका