नवरा भांडणातही कॅमेरा ऑन करतो, काय करू?

लग्नाला अजून वर्ष नाही झालं, नवरा प्रायोगिक फिल्म करतो, परवा तुमचं भांडण जुंपलेलं असताना त्याने मोबाईल काढून तुला रडताना शूट केलं, आणि तू चिडलीस तर म्हणाला ब्रॅकेज या अमेरिकन प्रायोगिक फिल्मकारानेही हेच केलं होतं, तुला कला कळत नाही. वर तूच मला विचारतेस, मी जुनाट विचारांची आहे का? अजिबात नाही गं.

आता ब्रॅकेजचं नाव त्यानेच काढलंय तर पूर्ण गोष्ट ऐक. स्टॅन ब्रॅकेजचं जेनशी लग्न झालं 1957 च्या शेवटी, आणि 1959 ची 'वेडलॉक हाऊस: ॲन इंटरकोर्स' ही त्या नव्या संसाराचीच फिल्म. जेमतेम अकरा मिनिटांची, ब्लॅक अँड व्हाइट. अंधारातून चेहरे उजेडात येतात नि परत गडप होतात, मध्येच प्रणयाचे शॉट्स येतात ते निगेटिव्हमध्ये, म्हणजे काळ्याचं पांढरं झालेलं. आणि आवाज नाहीच! दोघांमध्ये ताण आहे हे दिसतं पण कोण कोणाला काय बोललं ते जगाला कधीच कळत नाही. तुझ्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये मात्र तुझ्या आईवरून काढलेला शब्द न शब्द रेकॉर्ड झालाय, हा फरक छोटा नाहीये.

दुसरं, त्या फिल्ममध्ये कॅमेरा जेनच्याही हातात होता, तीही त्याला शूट करत होती. त्याच वर्षीच्या 'विंडो वॉटर बेबी मूव्हिंग'मध्ये, म्हणजे त्यांच्या पहिल्या मुलीच्या जन्माच्या फिल्ममध्ये, स्वतःचं बाळंतपण झाल्या झाल्या जेनने कॅमेरा घेऊन नवऱ्याचा भांबावलेला आनंदी चेहरा टिपलाय (मला तर तोच शॉट सगळ्यात आवडतो). हे तुला सांगितलं का त्याने?

पण नुसता कॅमेरा हातात आला म्हणून हुरळू नकोस, कारण खरी सत्ता एडिटिंगला असते, कुठला शॉट ठेवायचा, कुठला उडवायचा, आणि जेनने शूट केलं तरी फिल्म ब्रॅकेजच्याच नावावर. कॅरोली श्नीमन ही चित्रकार ब्रॅकेजच्या 'कॅट्स क्रेडल'मध्ये जोडीदारासोबत होती, तिथे आपण जशा दिसलो ते तिला पटलं नाही, मग तिने त्याच जोडीदारासोबतच्या शरीरसंबंधांवर स्वतः 'फ्यूजेस' केली, शूटिंग, कटिंग, रंगवणं सगळं तिचं.

तर भांडण चालू असताना कॅमेरा बंद, ही पहिली अट, आधीच ठरवून दोघं बसलात तर गोष्ट वेगळी. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, तू आधी एकटीने बघायचा आणि तू नको म्हणशील तो शॉट वाद न घालता जाणार. आणि फेस्टिव्हलला पाठवायची असो की ऑनलाइन टाकायची असो, दर वेळी नव्याने विचारायचं, कारण तेव्हाची रीळ निदान डब्यात तरी राहायची, आजची फाइल एकदा बाहेर गेली की परत येत नाही. हो म्हटल्यावरही उद्या नको म्हणायची मुभा तुला हवी, हे व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून घे.

यावर तो चिडला, की माझ्या कलेत ढवळाढवळ करतेस वगैरे, तर मग हा प्रश्न फिल्मचा राहिला नाही, संसाराचा आहे आणि तो समुपदेशकासमोर बसून बोला. मला वाटतं तो ऐकेल, तूच लिहिलंयस की एरवी माणूस समजूतदार आहे. तोवर ते रडण्याचं फुटेज एका हार्ड डिस्कवर घे, त्याच्या मोबाईलमधून डिलीट करायला लाव आणि डिस्क तुझ्या कपाटात कुलपात ठेव.