जळगावहून आई-वडिलांना घेऊन बोटीने श्रीलंकेला जाता येईल का? वडील विमानात बसायला तयार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस मिळतील, आईला रामेश्वरही करायचं आहे.

जाता येतं, पण दिवाळीत नको.

आपल्याकडे दिवाळीला कापूस वेचणी चालू असते, आभाळ मोकळं झालेलं असतं, म्हणून पावसाळा संपला असं आपण धरून चालतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र तो तेव्हाच सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला समुद्र खवळवून ठेवतात. तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून उत्तर श्रीलंकेतल्या कांकेसंतुरई बंदराला जाणारी बोट १४ ऑक्टोबर २०२३ला वाजतगाजत सुरू झाली आणि काही दिवसांतच हवामानामुळे थांबली. ऑगस्ट २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली, नोव्हेंबरात परत बंद, ती थेट फेब्रुवारी २०२५ला चालू. हे गणित ओळखून आम्ही आई-बाबांना फेब्रुवारीच्या शेवटी नेलं. समुद्र बरा होता, तरी बाबा अर्धा रस्ता डोळे मिटूनच होते.

बोट म्हणजे मोठं जहाज समजू नका. दीडशेच्या आसपास माणसं बसतात, बसायची जागा बंदिस्त आणि एसीची. अंतर साधारण ११० किलोमीटर, चार तास लागतात. तापी-गिरणेच्या पलीकडे पाणी न पाहिलेल्या आपल्या माणसांना पोटात ढवळणार हे गृहीत धरा. जागा मधली घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. उलटीची गोळी आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, वडिलांची बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर नक्कीच विचारा. गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची, ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आणि कृपा करून सकाळी भरपेट शेवभाजी खाऊन चढू नका. आईने रेल्वेसाठी केलेल्या दशम्या उरल्या होत्या, त्यातली एक कोरडी खाल्ली तेवढी पुरली.

जायला जळगाव किंवा भुसावळहून नवजीवन एक्सप्रेस सरळ चेन्नईला जाते, नंदुरबारकरांनाही तीच सोयीची. चेन्नई सेंट्रलला उतरून एग्मोर स्टेशन गाठायचं आणि तिथून रात्रीची कारैकल एक्सप्रेस नागपट्टिणमला सोडते. म्हणजे जाण्यायेण्यातच चार-पाच दिवस गेले. आठ दिवसांत हे बसत नाही, दहा-बारा ठेवा. बोटीच्या आधीचा एक दिवस नागपट्टिणमलाच मोकळा सोडा, कारण हवा बिघडली की फेरी रद्द होते आणि ते शेवटच्या क्षणी कळतं. तो दिवस वाया जात नाही. नागूरचा दर्गा आणि वेलंकन्नीचं चर्च जवळच आहेत. गाडी केली तर तंजावरही होतं. तिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय, १८०३चा. माझी आई त्या भिंतीसमोर जेवढी रेंगाळली तेवढी गाभाऱ्यासमोरही नाही.

कागदपत्रांत पासपोर्ट आणि श्रीलंकेची ऑनलाइन परवानगी, म्हणजे ईटीए. ती तिथल्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट बऱ्याच आहेत. शुल्काचे नियम सारखे बदलतात, निघायच्या आधी पुन्हा बघा. बोटीत सामानाला वजनाची मर्यादा आहे, जास्तीचे पैसे पडतात. विमानाला जशी एक बॅग, तसंच समजून भरा.

कांकेसंतुरईहून जाफना वीसेक किलोमीटरच्या आत आहे. पहिल्यांदा नल्लूरचं कंदस्वामी मंदिर करा. पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. तुमच्या आईसाठी मी सुचवेन ते नैनातीवू बेट. तिथे नागपूषणी अम्मनचं देऊळ आहे, काहीजण ते शक्तिपीठ मानतात. सप्तशृंगीला पायी जाणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. कुरिकट्टुवन धक्क्यावरून छोटी बोट नेते. त्याच बेटावर बौद्धांचा नागदीप विहारही आहे. कोलंबो, कँडी याच सहलीत कोंबू नका, वय झालेल्या माणसांना ते झेपत नाही.

रामेश्वरहून सरळ बोट मिळेल का, हे आईच्या मनात असणारच. पूर्वी मिळायची. धनुष्कोडीहून तलाईमन्नारला आगबोट जायची आणि चेन्नईहून तिला जोडणाऱ्या गाडीला लोक बोट मेल म्हणत. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात धनुष्कोडी वाहून गेलं. त्यानंतर रामेश्वरहून काही वर्षं बोट चालली, श्रीलंकेतल्या यादवीत तीही बंद पडली. तेव्हा रामेश्वर परतीच्या वाटेवर घ्या, दोन दिवस वाढवून.

परतीची बोट रद्द झाली तर जाफन्याहून चेन्नईला विमान आहे. प्रवास तासा-दीड तासाचा. वडिलांना ते आत्ता सांगू नका.