वाचकांचे प्रश्न : दोन आसनांची मोटार आणि तिसरा माणूस

गेल्या काही काळात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दोनच आसनांच्या छोट्या शहरी मोटारीविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. उत्तरांमध्ये ‘स्मार्ट फॉरटू’ या गाडीचा उल्लेख वारंवार येईल. १९९८ ते २०२४ या काळात तिच्या तीन पिढ्या निघाल्या आणि तिच्या गुणदोषांची भरपूर पारख झालेली आहे, हे त्याचे कारण.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेच राहतो. दोघेही नोकरी करतो आणि दोघांची कार्यालये एकाच दिशेला आहेत. घरासमोर गाडी लावायला जागा मिळवणे हा रोजचा त्रास झाल्यामुळे सध्याची मोठी गाडी विकून दोन आसनांची गाडी घ्यावी, असे मला वाटते. नातेवाईक याला खूळ म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : हे खूळ नाही. मात्र अशी गाडी घेताना बहुतेक जण सामानाच्या जागेचा विचार करत बसतात आणि खरी अडचण दुसरीकडेच असते. तिसऱ्या पिढीच्या फॉरटूची डिकी २६० लिटरची आहे, म्हणजे चार आसनांच्या कित्येक छोट्या गाड्यांच्या तोडीस तोड. शिवाय शेजारच्या आसनाची पाठ पुढे दुमडली की लांबट वस्तूही आत मावतात. आठवड्याचा बाजार, दोन मध्यम बॅगा, घडीची खुर्ची यांपैकी कशाचीही अडचण होत नाही.

अडचण होते ती तिसऱ्या माणसाची, आणि तो सहसा आधी कळवून येत नाही. वडिलांना रुग्णालयातून घरी सोडले आहे, त्यांना आणायला आपण गेलात, आणि त्यांच्याजवळ रात्रभर बसलेली आई औषधांची पिशवी हातात घेऊन गाडीच्या दाराशी उभी आहे, असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तिला त्या वेळी भाड्याच्या गाडीने पाठवणे आपल्याला आणि तिला सहज पटणार असेल, तर ही गाडी आपल्यासाठी आहे. ‘तेवढ्यापुरते काहीतरी करू’ असे उत्तर मनात आले असेल, तर थोडे थांबावे. माझी सूचना अशी की, सध्याच्या गाडीच्या मागच्या आसनावर कोणी बसले की दिनदर्शिकेवर त्या दिवशी खूण करावी आणि दोन-तीन महिन्यांनी त्या खुणा पाहाव्यात. पाच-सहा खुणा असतील, तर त्या दिवसांचे टॅक्सीभाडे मोठी गाडी बाळगण्याच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल. दर आठवड्याला खूण पडत असेल, तर नातेवाइकांचे ऐकलेले बरे.

आता जागेविषयी. पहिल्या पिढीची फॉरटू जेमतेम अडीच मीटर लांब होती आणि नंतरच्या पिढ्या २.६९ मीटरच्या आहेत. साधारण हॅचबॅक चार मीटरच्या आसपास असते. हा फरक लहान नाही, परंतु त्याचा फायदा फक्त तिथे मिळतो जिथे रस्त्याच्या कडेला पट्टे आखलेले नाहीत. तिथे दोन गाड्यांमधली, इतरांनी सोडून दिलेली फट आपल्या कामाची ठरते. जिथे प्रत्येक गाडीसाठी चौकट आखलेली आहे, तिथे छोटी गाडीही एक चौकट अडवते आणि शुल्कही सहसा पूर्णच भरते. जाहिरातींत ही गाडी पदपथाकडे तोंड करून आडवी लावलेली दाखवत, पण अनेक शहरांच्या नियमांत रस्त्याला समांतरच गाडी लावावी लागते. तेव्हा निर्णयापूर्वी घरासमोर आणि कार्यालयासमोर पट्टे आहेत की नाहीत, एवढे नीट पाहून घ्यावे. वळण्याच्या बाबतीत मात्र या गाडीला तोड नाही. इंजिन मागे असल्यामुळे पुढची चाके खूप वळू शकतात आणि तिसऱ्या पिढीची फॉरटू सुमारे सात मीटर व्यासाच्या वर्तुळात पूर्ण फिरते. अरुंद गल्लीत एका दमात गाडी उलटी फिरवता येण्याचे सुख ज्याने अनुभवले आहे, त्याला पुढे कोणतीही गाडी अवजड वाटते.

प्रश्न : गाडी निम्मी असेल, तर इंधनही निम्मेच लागायला हवे. माझ्या मित्राची दोन आसनांची गाडी मात्र आमच्या पाच आसनांच्या गाडीपेक्षा थोडेच कमी पेट्रोल पिते. यात बिघाड समजावा का?

उत्तर : बिघाड समजू नये. गाडीची लांबी निम्मी केली, तरी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, पुढची दोन आसने, एअरबॅग, काच आणि दारे यांतले काहीच निम्मे होत नाही. कमी होतात ते मागचे आसन, मागची दारे आणि काही पत्रा. त्यामुळे नव्या फॉरटूचे वजन नऊशे किलोच्या घरात जाते, जे एखाद्या छोट्या चार आसनी गाडीपेक्षा फारसे कमी नाही.

दुसरे कारण हवेचे आहे. गाडी हवेला समोरून जेवढी दिसते, तेवढा विरोध होतो. फॉरटूची उंची दीड मीटरहून थोडी अधिक आहे आणि रुंदी १.६६ मीटर, म्हणजे समोरून ती नेहमीच्या छोट्या गाडीएवढीच आहे. लांब गाडीत छत हळूहळू उतरते आणि हवा सावकाश मिटते, तर इथे गाडी एकदम तुटल्यासारखी संपते आणि तिच्या मागे भोवरे तयार होऊन ते तिला मागे ओढतात. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे महामार्गावर लहानपणाचा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. शहरात, जिथे दर सिग्नलला थांबून पुन्हा वेग घ्यावा लागतो, तिथे कमी वजनाचा उपयोग होतो, पण तो निम्म्याने बचत करण्याइतका नसतो. मित्राला एकच विचारावे : त्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचे पेट्रोल सांगितलेले आहे का? तसे असेल, तर प्रतिलिटर दरातील फरकाने उरलीसुरली बचतही खाल्लेली असू शकते.

प्रश्न : मुलाला नोकरी लागली आहे आणि त्याला अशीच गाडी हवी आहे. जाण्या-येण्यात महामार्गाचा बराच भाग आहे. ट्रक आणि मोठ्या गाड्यांमध्ये ही इवलीशी गाडी सुरक्षित असते का? तो म्हणतो की तिला चाचणीत चांगले गुण मिळाले आहेत.

उत्तर : मुलगा खरे सांगतो आहे आणि आपली काळजीही खरी आहे. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे समजले तर निर्णय सोपा होईल.

फॉरटूभोवती ‘ट्रायडियन’ नावाचा पोलादी सांगाडा असतो. बाहेरचा दर्शनी भाग प्लॅस्टिकचा असला, तरी आतला सांगाडा अत्यंत कडक ठेवलेला आहे, कारण चुरगळून आघात शोषायला पुढे जागाच थोडी आहे. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने अडथळ्यावर धडक देऊन केलेल्या चाचणीत दुसऱ्या पिढीच्या फॉरटूला सर्वोच्च श्रेणी दिली होती. त्याच संस्थेने २००९ मध्ये ही गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने मर्सिडीजच्या सी-क्लास गाडीवर समोरासमोर आदळवली, तेव्हा फॉरटू हवेत उडून गरगर फिरली आणि तिला सर्वांत खालची श्रेणी मिळाली. त्याच मालिकेत होंडा आणि टोयोटा यांच्या छोट्या गाड्यांनाही मोठ्या गाड्यांसमोर तीच श्रेणी मिळाली होती, तेव्हा दोष एका कंपनीचा नव्हे.

याचे गणित साधे आहे. समजा, ९०० किलोची आणि १,८०० किलोची अशा दोन गाड्या प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या. तर दोन्ही गाड्या मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटरने पुढे सरकतील. जड गाडीच्या वेगात ३३ किलोमीटरचा फरक पडला. हलक्या गाडीचा वेग ५० वरून शून्यावर आला आणि वर उलट दिशेला १७ झाला, म्हणजे एकूण फरक ६७ किलोमीटरचा, अगदी दुप्पट. सांगाडा शाबूत राहिला, तरी आतल्या माणसाच्या शरीराला हा फरक क्षणार्धात सोसावा लागतो. भिंतीवर आदळण्याच्या चाचणीत हे दिसत नाही, कारण भिंत समोरून येत नसते. म्हणूनच चाचणीतील गुण साधारण समान वजनाच्या गाड्यांची तुलना करण्यापुरतेच वाचावेत.

महामार्गावर आणखी दोन गोष्टी जाणवतात. गाडी आखूड, उंच आणि मागे जड असल्यामुळे पुलावर किंवा ट्रकला ओलांडताना बाजूचा वारा तिला ढकलतो, आणि तिसऱ्या पिढीत यासाठी ब्रेकच्या साहाय्याने गाडी सरळ राखणारी यंत्रणा मुद्दाम द्यावी लागली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर दोन मीटरहूनही कमी असल्यामुळे उंचवट्यावरून जाताना गाडी पुढेमागे डोलते. पुढचे चाक खड्ड्यातून सावरेपर्यंत मागचे त्यात गेलेले असते. रोजचा मोठा प्रवास महामार्गाचा असेल, तर मी मुलाला थोडी लांब आणि जड गाडी घ्यायला सांगेन. महामार्ग अधूनमधूनच लागत असेल, तर मात्र हट्टाने नकार देण्याचे कारण नाही.

प्रश्न : दोन आसनांच्या गाडीत लहान मुलाला नेता येते का?

उत्तर : एका मोठ्या माणसाबरोबर नेता येते. मूल अर्थातच पुढच्या आसनावर बसणार, म्हणून मागे तोंड असलेली बालआसने वापरताना त्या बाजूची एअरबॅग बंद केलेली असलीच पाहिजे. चालू एअरबॅगसमोर तसे आसन ठेवणे जीवघेणे ठरू शकते. एअरबॅग बंद करण्याची सोय त्या विशिष्ट गाडीत आहे का आणि पुढे बालआसन ठेवण्याला स्थानिक नियमांची मुभा आहे का, हे आधी पाहावे. आई, वडील आणि मूल असे तिघे एकत्र जाऊच शकत नाहीत, हे लक्षात घेता मूल होण्याचा विचार असलेल्या दांपत्याने ही गाडी एकुलती एक म्हणून घेऊ नये, असे मला वाटते.

प्रश्न : सिट्रोएन ॲमीसारखी छोटी विजेची वाहने आणि स्मार्ट यांत नेमका फरक काय? दिसायला दोन्ही सारखीच वाटतात.

उत्तर : दिसण्यावर जाऊ नये. २०२० मध्ये आलेली ॲमी युरोपीय नियमांनुसार मोटारच नव्हे. ती हलकी क्वाड्रिसायकल, म्हणजे कमी वजनाचे आणि कमी वेगाचे चारचाकी वाहन आहे. तिचा वेग ताशी ४५ किलोमीटरवर थांबतो, बॅटरी ५.५ किलोवॉट-तासांची आहे, एका चार्जिंगमध्ये सुमारे ७५ किलोमीटर जाता येते आणि एअरबॅग नाहीत. या वर्गाला मोटारींसाठीच्या अपघात-चाचण्यांचे बंधन नाही. मोटारींच्या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेने २०१४ आणि २०१६ मध्ये क्वाड्रिसायकल प्रकारातली काही वाहने स्वतःहून तपासली तेव्हा संरक्षणातील गंभीर उणिवा उघड झाल्या होत्या. संथ गल्ल्यांत, पावसात न भिजता फिरण्यासाठी अशी वाहने उत्तम आहेत. स्कूटरला पर्याय म्हणून त्यांचा विचार करावा. जिथे बाकीची वाहतूक ताशी ६० किलोमीटरने धावते तिथे ४५ वर अडकलेले वाहन स्वतःला आणि इतरांनाही अडचणीत टाकते. फॉरटू मात्र पूर्ण अर्थाने मोटार आहे.

प्रश्न : जुनी फॉरटू स्वस्तात मिळते आहे. काय पाहावे?

उत्तर : प्रथम कोणत्या पिढीची आहे ते पाहावे. पहिल्या दोन पिढ्यांत क्लच यंत्राने दाबला जाणारा गिअरबॉक्स आहे. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि आतल्या माणसांच्या माना पुढे झुकतात. हा या गाडीचा स्वभाव आहे, आणि बदलाच्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलला की तो बराच सौम्य होतो. परंतु गिअर अडकत असेल, किंवा गाडी उभी असताना गिअर पडायला वेळ लागत असेल, तर तो बिघाड आहे आणि दुरुस्ती महाग पडते. तिसऱ्या पिढीत साधा पाच गिअरचा किंवा दुहेरी क्लचचा सहा गिअरचा पर्याय आला आणि ही तक्रार मागे पडली. पहिल्या पिढीच्या छोट्या टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट टिकतो का, हे मोजून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

इंजिन डिकीच्या तळाखाली असते, त्यामुळे डिकीत उष्णता जाणवते आणि तिथे दूध, लोणी किंवा औषधे ठेवणे बरे नव्हे. त्याचबरोबर साधी पाहणी करायलाही सामान काढून तळ उचलावा लागतो. म्हणून जुन्या मालकाने तेलाची पातळी नियमित पाहिली असेल, असे गृहीत धरू नका. देखभालीची नोंदवही मागा. पुढच्या आणि मागच्या टायरांची मापे वेगळी असल्यामुळे टायर आलटून-पालटून झीज सारखी करता येत नाही, आणि गाडीत स्टेपनी नसते. पंक्चर बुजवण्याचे द्रावण आणि हवा भरण्याचा पंप जागेवर आहेत का, द्रावणाची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. विजेवरची असेल, तर तिची बॅटरी मुळातच १७.६ किलोवॉट-तासांची, म्हणजे लहान आहे. काही वर्षांत क्षमता घटलेली असेल आणि वर थंडीत हीटरही चालवायचा असेल, तर पल्ला लक्षणीय कमी होतो. पूर्ण चार्ज करून, आपल्या नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या वेळी चालवून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. आणि २०२४ पासून ही गाडी तयार होत नसल्यामुळे, तिचे काम जाणणारा मेकॅनिक आपल्या आवाक्यात आहे का, याची चौकशी किमतीच्या घासाघिशीआधी करावी.