नाशिकला परत येऊन ऑनलाइन शिक्षणाची टेक कंपनी काढावी का? काढली तर ती वाढवायची कशी?

तुम्ही विचारलंय की पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून नाशिकला यावं आणि ऑनलाइन शिक्षणाची कंपनी काढावी असं मनात आहे, पण घरचे बायजूजचं उदाहरण देऊन अडवतात. अशी कंपनी नाशिकमधून चालते का, आणि चालली तर वाढवायची कशी?

चालते. मी चालवतोय, म्हणून खात्रीने सांगतो. आमचं काम शाळेच्या मुलांचं नाही, कारखान्यांचं आहे. अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे या पट्ट्यातल्या ऑपरेटर, ट्रेनी आणि ॲप्रेंटिस मुलांना मराठीतून आणि हिंदीतून शिकवणारी सिस्टीम आम्ही बनवतो आणि कारखान्यांना वर्षाच्या करारावर देतो. तुम्ही शाळा किंवा स्पर्धा परीक्षांकडे वळलात तर तपशील वेगळे असतील, पण मूळ पेच तोच राहील.

घरच्यांची भीती उडवून लावू नका. २०२२ साली बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं मूल्य २२ अब्ज डॉलर धरलं जात होतं. जुलै २०२४ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि तो अर्ज होता क्रिकेट नियामक मंडळाचा, प्रायोजकत्वाच्या १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीसाठी. शिकवण्याच्या धंद्यातली कंपनी जाहिरातीच्या उधारीवरून न्यायाधिकरणापुढे उभी राहिली, हे मी आमच्याकडे नव्याने येणाऱ्या विक्रीच्या प्रत्येक माणसाला सांगतो. कारण या धंद्यात पैसे देणारा एक असतो आणि शिकणारा दुसरा. शाळेच्या बाबतीत पैसे आईबाप देतात, शिकायचं मुलाने. आमच्याकडे पैसे एचआर खातं देतं, शिकायचं ऑपरेटरने. पैसे देणाऱ्याला खूश ठेवून वर्ष-दोन वर्षं झपाट्याने वाढता येतं. त्या काळात शिकणाऱ्याच्या पदरात काय पडलं हे कोणी विचारत नाही. विचारतात ते रिन्यूअलच्या वेळी, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आमच्या धंद्यात हा पेच कसा दिसतो ते सांगतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं. त्यात, आणि ते ज्याच्यावर उभं आहे त्या आयएसओ ९००१ मध्येही, माणूस त्याच्या कामाला सक्षम आहे याचा लेखी पुरावा ठेवावा लागतो. ऑडिटर आला की ट्रेनिंग रेकॉर्ड मागतो. त्यामुळे ऑडिट तोंडावर आलं की आम्हाला फोन येतात: "साहेब, तुमच्या सॉफ्टवेअरमधून मागच्या तारखेची सर्टिफिकेटं निघतील का?" हो म्हटलं तर ऑर्डर त्याच दिवशी पक्की. आम्ही नाही म्हणतो. आमच्या सिस्टीममध्ये तारीख मागे नेण्याची सोयच ठेवलेली नाही, मलासुद्धा ती बदलता येत नाही. याच्यापायी काही कामं हातची गेली. पण ज्या प्लँट हेडला खरोखर रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, कमी करायचं असतं, तो आमच्याकडे येतो त्याचं कारणही हेच. असा माणूस पुढे चाकणला किंवा वाळूजला गेला की तिकडे आम्हाला बोलावतो. नाशिकबाहेरची आमची बरीचशी वाढ अशीच झाली आहे, जाहिरातीने नाही.

आता कोर्स पूर्ण होण्याबद्दल. नाव नोंदवणं आणि शिकणं यात किती अंतर असतं ते एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सेसवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतं. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स कधी उघडलाच नाही, आणि २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे होते साधारण ३ टक्के. नामांकित प्राध्यापक, उत्तम व्हिडिओ, शिकायला पैसे लागत नाहीत, तरी ही गत. यावरचा उपाय नाशिकला फार आधीपासून ठाऊक आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे, "ज्ञानगंगा घरोघरी" हे ब्रीद घेऊन. पुस्तक घरी येतं, पण जोडीला जवळचं अभ्यासकेंद्र असतं, संपर्क सत्र असतं, समोर बसून शंका विचारता येईल असं माणूस असतं. मध्येच शिक्षण सुटलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या कितीतरी जणांनी त्या आधारावर पदवी घेतली. तुमच्या स्वतःच्या नात्यात असं कोणीतरी नक्की सापडेल.

म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून प्रोग्रामरच्या बरोबरीने फोन करणारी माणसं आहेत. कोणी तीन-चार दिवस धडा उघडला नाही की त्याला फोन जातो. ओरडायला नाही, विचारायला: "दादा, कुठे अडलंय का?" उत्तरं येतात ती अशी: नाइट शिफ्ट लागली, मोबाइल बिघडला, लाइनवरून काढून दुसऱ्या मशीनला टाकलं, भातलावणीला पेठला गावी आलोय. शेवटचं कारण इतक्यांदा ऐकलं की आता लावणीच्या दिवसांत आम्ही नवीन बॅच सुरूच करत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातली मुलं ज्या कारखान्यांत जास्त, तिथे याने लगेच फरक पडला. स्क्रीनवरच्या आलेखात ही माहिती कधीच दिसली नसती. गुंतवणूकदार भेटला की तो पहिला प्रश्न विचारतो, ही फोनची माणसं काढून तिथे बॉट का बसवत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: आठवणीचे मेसेज बॉट पाठवतोच, पण भातलावणी त्याला कळत नाही.

प्रॉडक्ट म्हणजे नक्की काय, हे एका धड्यावरून सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. मायक्रोमीटर म्हणजे जाडी-व्यास मोजायचं उपकरण. साध्या मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घेता येतं. स्लीव्हवर, म्हणजे न फिरणाऱ्या नळीवर, रेषेच्या एका बाजूला पूर्ण मिलिमीटरच्या रेघा, दुसऱ्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या, आणि थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, ५० भाग. धड्याच्या शेवटी आम्ही खऱ्या मायक्रोमीटरचा फोटो दाखवतो आणि रीडिंग टाइप करायला सांगतो. पर्याय देत नाही. चार पर्याय दिले की मुलगा अंदाज मारतो आणि त्याचं नेमकं कुठे चुकतंय ते आपल्याला दिसत नाही. एका फोटोचं बरोबर उत्तर होतं ७.८८. चुकलेली उत्तरं काढून बघितली तर त्यातली बरीचशी एकच निघाली: ७.३८. म्हणजे सातची रेघ बरोबर वाचली, थिंबलवरचे ३८ बरोबर वाचले, फक्त मधली अर्ध्या मिलिमीटरची उघडी पडलेली रेघ नजरेतून सुटली. या मुलाला मायक्रोमीटर येत नाही असं म्हणणं अन्याय आहे. त्याला एकच गोष्ट दाखवायची राहिली आहे. आता उत्तर बरोबर अर्ध्या मिलिमीटरने कमी आलं की सिस्टीम पूर्ण धडा पुन्हा लावत नाही. त्या रेघेचा जवळून घेतलेला छोटा व्हिडिओ दाखवते आणि लगेच दुसरा फोटो पुढे करते.

ही चूक शोधा असं आम्हाला सांगितलं ते आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका निदेशकांनी. मुलं कुठे घसरतात हे त्यांना आयुष्यभराच्या शिकवण्यातून तोंडपाठ होतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला अशी माणसं शेजारी लागतात. नाशिक हे त्यांचंच शहर आहे. एचएएल ओझर, बॉश, महिंद्रा यांसारख्या कारखान्यांत आणि टूलरूममध्ये उभी हयात घालवलेले लोक सिडकोपासून इंदिरानगरपर्यंत घरोघरी आहेत. त्यांना योग्य मानधन द्या, कॅमेऱ्यापुढे उभं करा, आणि मुख्य म्हणजे प्रश्न त्यांच्याकडून काढून घ्या. बंगळुरूच्या कंपनीला हे माणूसबळ सहज मिळत नाही.

अजून एक, धडा संपल्यावर आठवड्याने त्याच विषयाचे दोन-तीन प्रश्न परत विचारा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने बघितलं तर मध्ये परीक्षा दिलेल्यांना जास्त आठवतं. आणि शिकलेलं वापरायचा जॉब, म्हणजे मशीनवरचं प्रत्यक्ष काम, हातात येतो तो आठवड्यानेच.

तंत्रज्ञानाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, म्हणून थोडक्यात. एलएमएस, म्हणजे धडे, परीक्षा आणि नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, शून्यापासून लिहू नका. मूडल हे तयार एलएमएस २००२ पासून आहे, मुक्त-स्रोत आहे, त्यावर उभं राहता येतं. मोठे ग्राहक "स्कॉर्म चालतं का" असं विचारतातच (एकीकडे बनवलेला धडा दुसऱ्या सिस्टीममध्ये चालावा यासाठीचं हे प्रमाण), तेव्हा ते चालायला हवं. लॉगिन ई-मेलवर ठेवू नका. ऑपरेटरला टोकन नंबर पाठ असतो, ई-मेल नसतो. बऱ्याच प्लँटमध्ये मोबाइल लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं, त्यामुळे लाइनजवळ एका टॅबलेटवर दहा जण आलटून-पालटून शिकतील अशी सोय लागते, आणि कँटीनच्या वायफायवर धडे उतरवून ठेवता यायला हवेत. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी काही करणार असाल तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आधी वाचा. पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे.

पैशाचं. शिकवणीच्या फीवर १८ टक्के जीएसटी आहे. पालकाला तो सगळा खिशातून जातो, कारखान्याला मात्र इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी स्वतःच्या देण्यातून वळता करता येतो. त्यामुळे तीच किंमत कारखान्याला हलकी पडते. दुसरीकडे, कारखाने बिलं लांबवतात. पहिल्याच आठवड्यात उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, आणि २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आहे की मुदतीत पैसे न दिल्यास ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच दाखवता येतो. मार्च जवळ आला की आमचा अकाउंटंट हे नम्रपणे आठवून देतो आणि अडकलेले पैसे सुटतात. तरीही माझा आग्रह वर्षाचे पैसे आगाऊ घेण्याचाच असतो. आगाऊ पैसे देणारा प्लँट वापरतोही नीट.

नेतृत्व म्हणून माझ्या दिवसाचा मोठा भाग नाही म्हणण्यात जातो. प्रत्येक ग्राहकाला त्याचा खास रिपोर्ट हवा असतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन प्लँटनी तीच गोष्ट मागितली तरच आम्ही ती बनवतो. आणि प्रोग्रामर कितीही हुशार असो, त्याने महिन्यातून एकदा शॉपफ्लोअरवर उभं राहायचं, सेफ्टी शूज घालून, ऑपरेटर ग्रीस लागलेल्या बोटांनी स्क्रीन कशी दाबतो ते बघायचं. आमची बटणं मोठी झाली ती त्यामुळे. मुलं दोन-तीन वर्षांनी पुण्याला जातात ही तक्रार इथे सगळेच करतात. मी त्यांना अडवत नाही. त्यातले काही आईवडिलांसाठी, मुलांच्या शाळेसाठी परत येतात, आणि परत आलेला माणूस शिकून आलेला असतो. तुम्हीही त्यातलेच.

राजीनामा इतक्यात देऊ नका. आधी सुट्टीत येऊन पहिली शिफ्ट सुटताना अंबडच्या एखाद्या गेटवर उभे राहा, लोकांशी बोला, एकच विषय निवडा. आणि विषयच सुचवायचा तर एक आहे, जो आम्हाला हाताळता आलेला नाही: द्राक्षांची पॅकहाउसेस. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात निर्यातीच्या हंगामात ग्रेडिंग-पॅकिंगला शेकडो बायका येतात. युरोपचे खरेदीदार चांगल्या शेतीपद्धतींसाठीचं ग्लोबल गॅपचं प्रमाणपत्र मागतात, त्यात कामगारांना स्वच्छतेचं प्रशिक्षण दिल्याची नोंद लागते, आणि दर हंगामात नवी माणसं येत असल्याने ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. घड कसा धरायचा, कात्री कशी चालवायची, फुटका मणी कसा काढायचा, हे सगळं छोट्या व्हिडिओंत बसतं, आणि शिकवणाऱ्या अनुभवी बायका त्याच पॅकहाउसमध्ये आहेत. हे करायचं ठरवलंत तर ओळखी मी करून देईन. हंगाम जानेवारीत सुरू होतो, तेव्हा धडे दिवाळीपर्यंत तयार असायला हवेत.