लायपोसक्शनमध्ये रक्त किती जाईल?

"मॅडम, व्हिडिओत ती बरणी लालभडक दिसत होती. एवढं रक्त जाणार असेल तर मला नकोच." चाळिशीच्या बाई, पोट आणि मांड्यांचं लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, ठरलेलं. हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो.

भीती निराधार नाही. पूर्वी चरबी कोरडीच ओढत, तेव्हा निघालेल्या ऐवजात २० ते ४५ टक्के रक्त असे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ट्युमेसंट पद्धत मांडली. आधी चरबीत भरपूर सलाइन सोडतात, त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि किंचित अ‍ॅड्रेनलीन असतं. अ‍ॅड्रेनलीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्ताचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास येतं. म्हणजे ३ लिटर काढले तर साधारण ३० मिली. रक्तदानाला आपण ३५० मिली देतो. बरणी लाल दिसते, कारण एवढं पाणी रंगवायला थोडं रक्त पुरतं.

बाई सैलावल्या. तरी मी पुढचंही सांगितलं, कारण ते लपवणं मला पटत नाही: काही रक्त आतच झिरपतं, ते बरणीत दिसत नाही. म्हणून अंदाज आधीच बांधावा लागतो. किती लिटर काढणार, वजन किती, हिमोग्लोबिन किती, औषधं कोणती.

"औषधं काहीच नाहीत," त्या म्हणाल्या. गुडघे दुखतात का, असं विचारल्यावर पर्समधून आयब्युप्रोफेन निघालं, रक्तस्राव वाढवू शकणारं वेदनाशामक. बरेच जण अशा गोळ्या औषधात धरतच नाहीत. शिवाय पाळीत रक्तस्राव खूप, हिमोग्लोबिन ९.६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, त्यामुळे हा आकडा पाहून मला नवल वाटलं नाही. सर्जननी तारीख पुढे ढकलली. पाळीवर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या, हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं. वेदनाशामक डॉक्टरांनीच बदललं. (हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते मनाने कधीही बंद करू नका.) आधी फक्त पोट करायचं ठरलं, मांड्या नंतर.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.२. "एवढं उतरलं?" म्हणून त्या पुन्हा घाबरल्या. सोडलेलं सलाइन अंगात शोषलं जातं, रक्त पातळ होतं. सगळी घट रक्त गेल्याची नसते, हे त्यांना समजावलं. घरी जाताना बहिणीलाही सांगितलं: एक-दोन दिवस गुलाबी पाणी पाझरेल, ते चालेल. पण उभं राहताच चक्कर आली, छाती धडधडली किंवा पट्टा ताज्या रक्ताने भिजला, तर सकाळची वाट न पाहता लगेच या.