ताप आला म्हणून पुढची लस थांबवली

प्रश्न : भाऊ-वहिनी बीडहून ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेत. बाळ सात महिन्यांचं. दीड महिन्याला पेंटा (पाच आजारांवरची एकच लस) दिली तेव्हा रात्रभर ताप, मांडीला गाठ, म्हणून माझी आई म्हणते आता सुई नको. कार्ड गावाकडं पेटीत राहिलंय. आता परत पहिल्यापासून डोस घ्यावे लागतील का?

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. झालेला डोस वाया जात नाही, थांबलं तिथून पुढं चालू करायचं. आता दुसरी पेंटा, चार आठवड्यांनी तिसरी, आणि नऊ महिने झाले की गोवर-रुबेला. सोबतचे पोलिओ वगैरे काय राहिलंय ते सिस्टर बघतील. जवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळतं, गाव वेगळं असलं तरी चालतं. कार्डाचा फोटो घरून मोबाईलवर मागवा, पण तो येईपर्यंत थांबू नका.

आईंच्या भीतीला अडाणीपणा म्हणू नका. त्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन त्याच जागल्या असतील, आणि ताप येऊ शकतो हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नसेल. तो ताप बहुतेक एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती द्यायचं ते सिस्टरकडूनच विचारून घ्या, गाठ चोळू नका, वरून गार ओलं फडकं ठेवा. आकडीचा झटका आला किंवा बाळ तीन तास रडायचं थांबलंच नाही तर मात्र लगेच दवाखाना, आणि पुढच्या डोसआधी डॉक्टरांना ते सांगायचं.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. एकदा भर दुपारी कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर, गेले होते तर बैलगाडीखाली साडीच्या झोळीत लेकरू झोपलेलं, राखायला सात-आठ वर्षांची बहीण, आई उसाच्या फडात. ती आली दिवस मावळल्यावर, तोवर लस देणाऱ्या बाई निघून गेलेल्या. दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो (त्या दिवसाची मजुरी बुडते), मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, मग आई जाणार कधी? म्हणून त्या भागातल्या आशाताईंना फोन करून वहिनींच्या टोळीत किती लेकरं आहेत ते सांगा, सगळ्यांसाठी मिळून कोप्यांवरच संध्याकाळी या म्हणावं. मुकादमालाही बोला, एका सकाळची सूट मागायला लाजू नका.

गोवराचा डोस तेवढा चुकवू नका. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, लेकरं दगावली, आणि आजारी पडलेल्यांत लस न झालेली खूप होती. पट्टा पडायची, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायची, वाट बघू नका, वहिनींना आजच फोन करा.